‘कुटुंब’ नांदगावचें

“माझ्या आजीची पणजी नांदगावची होती. तुम्ही पण नांदगावच्या. मग तिला शोधून द्या ना!”

गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरत असताना हा फोन आला. आवाज वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा, मराठी अडखळतं पण गोड. मागून दुसरा आवाज आला, “अगं, आधी कशा आहात ते तरी विचार!” तो आवाज मी साठ वर्षांनीसुद्धा ओळखला असता. माझी बाकावरची मैत्रीण. तिचे वडील रेल्वेत होते. मनमाड आणि चाळीसगावच्या मधल्या या आमच्या गावात ती दहा-अकरा वर्षं राहिली, माझ्याबरोबर शिकली आणि १९६९ साली घरच्यांबरोबर इस्रायलला गेली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिच्या घरच्यांचंही नाही. घरातली गोष्ट आहे, आणि घरात त्यावरून अजून धुसफूस चालू आहे.

ती बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आम्हा मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची आई शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची, माझीही आई रोज लावायची. फरक एवढाच, की त्यांच्याकडे नारळाच्या रसातलं वालाचं बिरडं व्हायचं आणि आमच्याकडे मठाची उसळ. त्यांच्या सणांची नावंही अशी, की ऐकून वाटावं हे आपलेच: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. हिब्रू नावं पुरुषांच्या पुस्तकात. घरात मात्र बायकांनी चुलीवर जे शिजवलं, त्यावरून सण ओळखला जायचा. हे माझ्या लक्षात यायला मला म्हातारं व्हावं लागलं.

तर या नातीने फावल्या वेळात घराण्याची वंशावळ काढायला घेतली होती. आजोबांची बाजू सहा पिढ्या भरली. आजीच्या बाजूला, तेही आईची आई, तिची आई असं मागे जायला लागली आणि चौथ्या चौकटीत अडकली. चौकटीत फक्त एक शब्द होता: नांदगाव.

हा शब्द आला कुठून? घरात एक जुनं हिब्रू-मराठी प्रार्थनेचं पुस्तक आहे. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे सालही गेलेलं. मागच्या कोऱ्या पानावर शाईने मोडीत काही लिहिलंय. घरात मोडी कुणालाच येत नाही. कुणीतरी कधीतरी ते वाचून सांगितलं होतं, की शेवटची ओळ ‘कुटुंब नांदगावचें’ अशी आहे. झालं! मैत्रिणीच्या वडिलांची नोकरीही नांदगावात झालेली. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या आणि पन्नास वर्षं घरात सांगितलं गेलं, ‘आपलं कुटुंब मूळचं नाशिककडच्या नांदगावचं.’

नातीने मला त्या पानाचा फोटो पाठवला. मी नाशिकला मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे तो घेऊन गेले. ओळ बरोबर होती. वर चार मुलग्यांची नावं आणि जन्माच्या तिथ्या, खाली ‘कुटुंब नांदगावचें’. गृहस्थ हसून म्हणाले, “बाई, हे जुन्या वळणाचं मराठी आहे. कुटुंब म्हणजे काय, माहीत आहे ना?”

आणि मला एकदम माझे आजोबा आठवले. पाहुण्यांना ते सांगायचे, “आमचं कुटुंब माहेरी गेलंय.” कुटुंब म्हणजे बायको! चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ‘कुटुंब’, ‘मंडळी’, ‘घरातून’. म्हणजे त्या पानावर घराण्याचा मूळ गाव लिहिलेलाच नव्हता. लिहिलं होतं इतकंच, की माझी बायको नांदगावची. चार मुलगे नावानिशी, तिथीनिशी. त्यांना जन्म देणारी मात्र ‘कुटुंब’. आणि मुलींचा तर पत्ताच नाही. मैत्रिणीची आजी ही त्याच घरातली लेक, पण त्या पानावर ती जन्मलेलीच नाही.

मी मास्तरीण होते. चौतीस वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलंय, त्यामुळे कागदावर माझी श्रद्धा मुळातच बेताची. आमच्या रजिस्टरात अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी १ जून लिहून मोकळे. कागदाचं असं असतं. तो खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं विचारलं तेवढंच सांगतो. आणि बाईचं नाव त्याला फारसं कुणी विचारलेलंच नाही.

बेने इस्राएलांचं तर आणखी कठीण. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वज समुद्रमार्गे आले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कधी? कुणी दोन हजार वर्षं सांगतात, कुणी त्याहून बरीच कमी. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. लेखी पुरावा पाहायला गेलं तर १७३८ साली एका ख्रिस्ती मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख सापडतो. त्यांना पुन्हा धर्माची रीत शिकवणारा डेव्हिड राहबी म्हणतात, तोही नेमक्या कुठल्या शतकातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाजाचा मोठा इतिहास लिहिला हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. १८९७ सालचं ते लिखाण छापून आलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! एका अख्ख्या समाजाच्या इतिहासाचे हे हाल, तिथे एका बाईचं काय घेऊन बसलात?

नावांचा घोळ वेगळाच. त्यांच्यातल्या पुरुषांची हिब्रू नावं कोकणात येऊन मराठी झाली. सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर, हेच सामाजी हसाजी. पुरुषांची निदान जोडी तरी लावता येते. बायकांची नावं मात्र बहुतेक सरळ शेजारणींसारखी मराठीच असायची. शंभराच्या वर आडनावं गावांवरून आलेली, दिवेकर, पेणकर, केहिमकर, झिराडकर. पुढे काहींनी ‘कर’ गाळला. १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनाव अलिबागजवळच्या झिराडवरूनच. आडनावाने बापाचं गाव टिकतं. आईचं गाव लग्नाच्या दिवशीच सुटतं.

बरं, विवाहाचा करार, केतुबा, तरी असेल? मैत्रिणीच्या आजीचा होता. पण त्यात वधू ‘अमक्याची मुलगी’ म्हणून असते, अमकीची नव्हे. आता यातली गंमत पाहा. गंमत कसली, चीड यावी अशी गोष्ट आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल ज्यू आहे की नाही, हे ठरतं आईवरून. आई ज्यू तर मूल ज्यू. म्हणजे ज्या धाग्यावर सगळं तोललंय, तो धागा कागदावर कुणी लिहीतच नाही!

आणि एक दिवस तोच कागद मागितला गेला.

मैत्रिणीची मावशी पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली. तिथे मोरोक्कोहून आलेल्या एका ज्यू घरातल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. सन १९६२. त्याच वर्षी तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने फतवा काढला होता, की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आई, आईची आई अशी जमेल तेवढी मागची चौकशी करा. कारण काय, तर कोकणात इतकी शतकं एकटे राहिलेले लोक, यांच्या आज्या-पणज्या ज्यूच होत्या कशावरून?

मावशीने मुंबईला आईला पत्र लिहिलं: तुझ्या आईचं नाव, गाव, तिच्या आईचं नाव, लगेच कळव. आईला अक्षरओळख बेताची. शेजारच्या मुलाकडून उत्तर लिहून घेतलं. उत्तरात काय होतं, ते मावशी आजही सांगत नाही. पण मुलाकडचे थांबले नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत आहे.

ती एकटी नव्हती. या फतव्याविरुद्ध बेने इस्राएल लोक जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले. गावोगावची माणसं मुलाबाळांसकट आली. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं ठरावाने म्हटलं. मग फतव्यातलं बेने इस्राएल हे नाव निघालं, आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी, अशी शब्दरचना आली. मावशीने पुढे आपल्यातल्याच मुलाशी लग्न केलं. पंचाऐंशी वर्षांची आहे आता. नात वंशावळ काढतेय कळल्यावर ती म्हणाली, “ती चौकट रिकामी ठेव. रिकामी होती म्हणून आमचं एकदा वाटोळं झालं. भरून पुन्हा काय करायचंय?”

मला आधी वाटलं, जुनी जखम आहे, दुसरं काय! मग मैत्रीण हळूच बोलली. भीती आणखी एका गोष्टीची आहे. बेने इस्राएलांमध्येच पूर्वी ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. दोन्हीकडून ज्यू ते गोरे, इतर जातीतल्या बाईपासून झालेले ते काळे. त्यांच्यात बेटीव्यवहार नसायचा. जो प्रश्न १९६२ ला यांना विचारला गेला, तोच प्रश्न हे लोक कोकणात आपल्यातल्याच काहींना पिढ्यान्‌पिढ्या विचारत आले होते. (आपण हसू नये. आपल्याकडची पत्रिका आणि पोटजात काय वेगळं विचारते?) तेव्हा मावशीच्या मनात आहे ते हे, की ही नांदगावची बाई जर ‘आपली’ नसलीच तर?

नातीला याचं काहीच वाटत नाही. तिने मला सांगितलं, की २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात बेने इस्राएलांचं नातं मध्यपूर्वेतल्या ज्यूंशीही निघालं आणि इथल्या लोकांशीही. बापाकडून ज्यू वारसा जास्त, आईकडून इथला. म्हणजे कुणाच्याही आजीची आजी करत मागे गेलं, तर कुठेतरी कोकणातली लेक भेटण्याचा संभव मोठा. “मग मला त्याच्यात लाज कशाची?” ती म्हणाली. वीस वर्षांच्या पोरीला हे बोलणं सोपं आहे. मावशीला तिच्या विसाव्या वर्षी ते सोपं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

आता शोधाचं सांगते. मी नगरपालिकेत गेले, रेल्वे कॉलनीतल्या जुन्या घरांत गेले, ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतात, त्या पाहाव्यात असं मोडीवाल्या गृहस्थांनी सुचवलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला म्हणून सरकारी कपाटं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला होता. कितीतरी घरांत तेव्हा खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. खापरपणजीचं किती घरांत उच्चारलं गेलं, कोण जाणे! आमची बाई अंदाजे १८७५ च्या आसपासची. मला तिची कुठलीच नोंद मिळाली नाही.

मग मी उलट बाजूने विचार केला. नांदगाव काय एकच आहे? अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे. इगतपुरी तालुक्यात एक आहे, कणकवलीकडे एक. छत्तीसगडातलं राजनांदगाव, त्या संस्थानाचंही नाव नांदगावच. आणि रायगड जिल्ह्यात मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून एक नांदगाव आहे. मुरुड म्हणजे पूर्वीचं जंजिरा संस्थान, आणि तो सगळा पट्टा बेने इस्राएलांच्या जुन्या वस्तीचा. आमच्या नांदगावला रेल्वे आली १८६० च्या दशकात. औरंगाबादला गाडी पोचेपर्यंत वेरूळची लेणी पाहायला जाणारे साहेबलोक इथेच उतरून टांगे करायचे. रेल्वेबरोबर, पोस्टाबरोबर, पलटणीबरोबर हे लोक घाटावर आले, तेव्हा इथे एखाद्या नोकरदाराच्या घरी मुलगी जन्मली असेलही. पण कोकणातल्या तेलाच्या घाण्यावरच्या माणसाने १८९० च्या सुमारास बायको केली ती इतकं लांब फिरून नाशिककडची केली, यापेक्षा दोन खाड्या ओलांडून मुरुडकडची केली, हे मला जास्त पटतं.

मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे आपलं गाव एक नव्हतंच?” साठ वर्षं तिने लोकांना सांगितलं होतं, की मी नुसती नांदगावात वाढले नाही, मी मूळची तिथलीच. मला वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, कशाला सांगितलं? कोणाचं काय बिघडत होतं? पण मग त्या बाईचं उरलेलं एकुलतं एक खरं, तिचं माहेर, तेही आपण आपल्या सोयीने हलवलं असतं.

वंशावळ काढणाऱ्यांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. रिकामी जागा त्यांना सोसत नाही. मैत्रिणीच्या दूरच्या एका भावाने तर झाड थेट नवगावच्या सात जोडप्यांपर्यंत नेऊन भिडवलंय, मधल्या पिढ्या आपल्या मनाने घालून. अशा झाडात पुरुष घुसवणं सोपं असतं, कारण सामाजी, हसाजी ही नावं ठिकठिकाणी मिळतात. बायका घुसवता येत नाहीत, म्हणून गाळल्या जातात. माझं म्हणणं, चौकट गाळू नका आणि खोटी भरूही नका. जेवढं कळलं तेवढं लिहा, पुढे ‘बहुधा’ लिहा. ‘बहुधा’ लिहायला लाज वाटू नये. आणि ती जातीची, धर्माची, ‘आपली’ निघेल का, हे बघून चौकट ठेवायची की नाही ते ठरवू नका. ती होती. तिने पाच तरी बाळंतपणं केली. एवढा पुरावा पुरे आहे.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं ठरवलं. चांगलं झालं. पण आईच्या नावाचं तरी काय सांगावं? मी स्वतः १९७५ साली लग्नात तांदळावर अंगठीने लिहून दुसरं नाव घेतलं. दाखल्यावर एक, रेशनकार्डावर एक, पेन्शनच्या वेळी ‘या दोघी एकच’ म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. शंभर वर्षांनी माझी कुणी पणती शोधायला निघाली तर तिला एका नवऱ्याच्या दोन बायका सापडतील!

मार्चमध्ये मैत्रिणीचा फोन आला. मावशी बोलली होती. कुणी न विचारता, भाजी निवडता निवडता. तिची आई स्वतःच्या आईबद्दल बोलताना ‘बय’ म्हणायची. “बय अशी करायची, बय तशी करायची.” नात खूश! म्हणाली, मिळालं नाव, बयाबाई. मला तिचा हिरमोड करावा लागला. कोकणात बय म्हणजे आई. बयाबाई नाव असूही शकतं, आणि लेकराने आईला मारलेली नुसती हाकही असू शकते.

“म्हणजे नवरा म्हणायचा कुटुंब, मुलं म्हणायची आई,” ती म्हणाली. “मग मी चौकटीत काय लिहू?”

“हेच लिही,” मी म्हटलं. “नवऱ्याने लिहिलंय कुटुंब. मुलं बय म्हणत. माहेर नांदगाव, बहुधा मुरुडजवळचं.”

तिने तसं लिहिलं. हिब्रूत आणि खाली मराठीत, फोटोही पाठवला. चौकट लहान पडली म्हणून अक्षरं कडेने वळवून वर नेलीत. मावशीने पाहिलं आणि काही बोलली नाही, असं कळलं.

फोन ठेवता ठेवता पोरगी म्हणाली, “आता तुमच्या आजीची पणजी सांगा.” मी आजीपर्यंत धडधडीत सांगितलं, तिच्या आईचं नाव येईना. माहेरचं गाव येवल्याकडचं, एवढंच. रात्री मामेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, आत्याला माहीत असेल, पण ती औषध घेऊन झोपलीय. उद्या सकाळी दहानंतर कर.